सरकारी गवत

डेल्बर्ट कुचेरा आपली सगळी गुरं लिलावाला काढतोय, ही बातमी आर्डिथ वाव्राला कळली ती चर्चच्या तळघरात, भांडी पुसताना.

गावातल्या एका म्हातारीच्या मयताचं जेवण नुकतंच उरकलं होतं. पुरुषमंडळी वर आवारात आपापल्या गाड्यांना टेकून आभाळाकडे बघत उभी होती. मे महिन्यापासून त्या आभाळातून थेंब पडला नव्हता, पण बघायची सवय कुणाची सुटत नव्हती. खाली डेल्बर्टची बायको मार्सेला सिंकपाशी भांडी विसळत होती आणि आर्डिथ ती पुसून ठेवत होती. दोघी एका वर्गात शिकलेल्या, लग्न होऊन शेजारशेजारच्या शेतांवर नांदायला आलेल्या. तरी गेली चौदा वर्षं त्यांचं बोलणं असंच कामाच्या आडून चालायचं. भांडी असली की बोलायच्या, भांडी संपली की आपापल्या नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहायच्या. आर्डिथचा नवरा लुमिर जाऊन चार वर्षं झाली होती, पण सवय तशीच राहिली होती.

"गुरुवारी ट्रेलर येतोय," मार्सेला बशीकडे बघत म्हणाली.

"कसला ट्रेलर?"

"गुरांचा. चाळीसच्या चाळीस."

आर्डिथच्या हातातलं फडकं थांबलं. "सगळी? अगं, तुझ्या वडिलांची गुरं ती."

"वडिलांची आहेत म्हणून काय खायला घालू त्यांना? वडिलांचा फोटो?" मार्सेलाने पातेलं खसाखसा घासायला घेतलं. "कुरणात पाय ठेवला की धूळ उडते. ओढा आटला. गवताचा गठ्ठा कुठे मिळत नाही, आणि मिळाला तर भाव असा सांगतात की त्यापेक्षा गुरांना गोड कोलाचे भाजून घातलेले स्वस्त पडतील."

"डेल्बर्ट काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही. तेच तर. शिव्या देत असता तर मला काही काळजी नव्हती."

आर्डिथने पातेलं घेतलं आणि ते कोरडं झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिली.

वाव्रा आणि कुचेरा या दोन घरांच्या मधे वाव्रांची उत्तरेकडची टेकडी होती. धान्याच्या कोठीवरून पडून लुमिरची पाठ दुखावली तेव्हा त्याने ती डेल्बर्टला खंडाने दिली. डेल्बर्ट नऊ वर्षं तिथे मका घेत होता. उतार असा की जोराची सर आली की अर्धी टेकडी खालच्या रस्त्यावर येऊन बसायची आणि काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्तेवाल्यांना यंत्र लावून ती खरवडायला लागायची. माथ्यावर तर मातीच उरली नव्हती, म्हाताऱ्याच्या टकलासारखी पिवळी चिकण वर आली होती. तशात सरकारची योजना आली. जमीन नांगरायची नाही, तिच्यावर पूर्वीचं रानगवत पेरायचं, त्यात गुरं सोडायची नाहीत, नुसतं राहू द्यायचं. त्याबद्दल दर ऑक्टोबरात एकरी ठरलेले पैसे. लुमिरने पंधरा वर्षांचा करार केला. डेल्बर्टच्या हातची टेकडी गेली.

तेव्हापासून डेल्बर्टने लुमिरचं नाव 'सरकारचा जावई' ठेवलं. गावच्या सोकोल हॉलमध्ये नाच असला की हातात बिअरचा ग्लास घेऊन तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "काय जावईबापू, यंदा सासऱ्याने आहेर काय पाठवला?" सगळा हॉल हसायचा. पहिली तीन वर्षं तर टेकडीवर गवतापेक्षा तणच जास्त होतं. लुमिर आणि आर्डिथ उन्हात ओणवं होऊन ते उपटत, आणि डेल्बर्ट रस्त्यावर गाडी हळू करून खिडकीतून ओरडे, "आज तणाला भाव काय आहे, लुमिर?" लुमिर हसून हात हलवायचा. पण पुढेपुढे तो नाचाला जाईनासा झाला, आणि त्याला पोल्का नाचायला किती आवडायचं हे आर्डिथला ठाऊक होतं.

चौथ्या वर्षी गवत आलं. आधी गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं, आणि शरद लागला की तांब्यासारखं लाल. रानकोंबड्या आल्या. लुमिर शेवटच्या आजारात खुर्ची खिडकीशी ओढून घ्यायचा, ती टेकडी दिसावी म्हणून.

त्याच्यामागे ऑक्टोबरचे ते पैसे आर्डिथच्या उपयोगी पडत होते. जमिनीचा कर भागायचा, हिवाळ्याचा गॅस भरून व्हायचा. दोन-तीन वर्षांत मक्याचा भाव इतका चढला होता की आजूबाजूच्या लोकांनी आपापली गवतं मोडून नांगर घातला होता. आर्डिथने मात्र मोडलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात सगळी काउंटी भाजून तपकिरी झाली, मका कणसं न भरताच वाळला, तरी तिचं गवत उभं होतं. हिरवं नव्हतं, पण उभं होतं.

चर्चमधून आल्यावर तिने ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुष्कळ वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाडी काढली आणि काउंटीच्या शेती ऑफिसात गेली.

तिथे रेने नावाची बाई होती, चाळिशीची. तिच्या टेबलावर पंखा फिरत होता आणि कागद उडू नयेत म्हणून तिने त्यांच्यावर मक्याची खुरटलेली कणसं ठेवली होती. शेतकरी दाखवायला आणत, ती ठेवून घेई.

"बसा, मिसेस वाव्रा. गवताबद्दल आलात ना?"

"तुला कसं कळलं?"

"या आठवड्यात सगळे गवताबद्दलच येतायत. गवत हवंय म्हणून येतात, आपल्याकडे आहे म्हणून कुणीच येत नाही. तुम्ही पहिल्याच."

रेनेने समजावून सांगितलं. दुष्काळ म्हणून सरकारने योजनेतलं गवत कापायची परवानगी दिली होती. पाखरांचा अंडी घालायचा काळ संपला होता, त्यामुळे आता कापायला हरकत नव्हती. मात्र निम्मं गवत उभं ठेवायचं. यंदाच्या पैशातला थोडा भाग कापला जाईल. आणि गवत विकून नफा करायचा नाही. ज्याच्या घरी खरोखर गुरं आहेत त्याचं नाव द्यायचं आणि त्याची सही आणायची.

"तर नाव कुणाचं घालू?"

"डेल्बर्ट कुचेराचं."

रेनेचं पेन थांबलं. हे दोन शब्द आर्डिथ वाव्राच्या तोंडून ऐकायला मिळतील असं त्या काउंटीत कुणालाच वाटलं नसतं.

"त्यांना माहीत आहे?"

"अजून नाही."

रेने जरा घुटमळली. "मिसेस वाव्रा, मी हे सांगू नये, पण सांगते. गेल्या आठवड्यात ते इथे आले होते, विम्याच्या कामाला. ही परवानगीची सूचना बाहेर लावलेली आहे, ती त्यांनी उभं राहून वाचली. मी म्हटलं, विचारा की कुणाला तरी. तर म्हणाले, ज्यांना विचारता येईल त्यांच्याकडे गवत नाही."

आर्डिथ तिथून परस्पर कुचेरांच्या शेतावर गेली. डेल्बर्ट गोठ्यामागे गुरं ट्रेलरमध्ये चढवायच्या फळ्या ठोकत होता. सदुसष्टचा असेल. उंच, हाडापेराने मोठा, पण त्या उन्हाळ्यात शर्ट त्याच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता. कुंपणाआड गायी उभ्या होत्या. त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

"डेल्बर्ट."

"आर्डिथ." त्याने मान वर केली नाही.

"गुरं विकू नकोस."

"बरं. अजून काही?"

"माझ्या टेकडीवर गवत आहे."

"दिसतं मला. चौदा वर्षं दिसतंय."

"निम्मं कापायची परवानगी आहे. तू कापून ने."

डेल्बर्टने एक खिळा तोंडातून काढला, फळीवर धरला आणि एका घावात आत घातला. "काय घेशील?"

"काही नाही. हिवाळ्यात थोडं मांस दे फ्रीजमध्ये टाकायला. नाही दिलंस तरी चालेल."

"म्हणजे सरकारने तुला द्यायचं आणि तू मला द्यायचं. आधी लुमिर जावई झाला, आता मी होऊ?" त्याने दुसरा खिळा घेतला. "या वयात माझं दुसरं लग्न लावू नकोस, बाई."

आर्डिथला हसू येणार होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर हसणं नव्हतं. "जनावरं उपाशी उभी आहेत आणि तू टोमणे कसले मारतोस?"

"माझी जनावरं मी बघीन. लुमिर वाव्राच्या टेकडीवरची एक काडी माझ्या गोठ्यात येणार नाही."

"लुमिर गेला रे, डेल्बर्ट."

"ठाऊक आहे. त्याला खांदा मी दिलाय." आणि तो पाठमोरा होऊन पुन्हा ठोकायला लागला.

घरी परतताना आर्डिथला रडूही आलं आणि रागही आला. राग जास्त. मरू देत त्याची गुरं, असं ती गाडीत मोठ्याने म्हणाली, आणि मग गुरांनी काय केलंय म्हणून स्वतःच गप्प झाली.

संध्याकाळी तिच्या दारात गाडी थांबली. मार्सेला होती. एका हातात जर्दाळू भरलेल्या गोड पावांचं, कोलाच्यांचं ताट, वर फडकं. इतक्या वर्षांत ती या घराच्या पायऱ्या चढली होती ती फक्त लुमिर गेला त्या दिवशी. ती सरळ स्वयंपाकघरात आली, ताट टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली.

"रेनेला फोन करून सगळं विचारलंय मी. कुठे सही करायची?"

"अगं, डेल्बर्टची लागते."

"कुणी सांगितलं? ज्याची गुरं त्याची सही. गायींच्या पुठ्ठ्यावर मालकीचा डाग कुणाचा आहे? माझ्या वडिलांचा. तो आता कुणाच्या नावावर आहे? माझ्या. डेल्बर्ट नुसता चारा घालतो."

आर्डिथने कॉफी ओतली. "त्याला सांगितलंस?"

"वेडी आहेस का?"

"मग कापणार कोण? तो तर येणार नाही."

"तू काप."

"मी? मार्सेला, मी रस्त्याकडेचं गवत कापलंय फार तर. त्या टेकडीचा उतार बघितलास?"

"बघितलाय." मार्सेलाने कोलाचा तोडून अर्धा आर्डिथच्या बशीत टाकला. "तू त्या उतारावर लुमिरचं जुनं यंत्र घेऊन वाकडंतिकडं कापत सुटलीस तर डेल्बर्ट घरात बसून बघेल असं वाटतं तुला? पंचेचाळीस वर्षं त्याच्याबरोबर काढलीयत मी. त्याला माणसांचा राग सहन होतो. चुकीचं चाललेलं यंत्र सहन होत नाही."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. आधी मार्सेला हसली. मग दोघी अशा हसल्या की आर्डिथला डोळे पुसायला फडकं घ्यावं लागलं.

सगळे सोपस्कार रेनेने दुसऱ्याच दिवशी उरकून दिले. दुपारी ऑफिसचा माणूस येऊन टेकडीच्या मध्यावर नारिंगी निशाणं रोवून गेला. इकडचं कापायचं, तिकडचं ठेवायचं. बुधवारी सकाळी दव वाळल्यावर आर्डिथने लुमिरचा ट्रॅक्टर सुरू केला. मागे गवत कापायचं जुनं यंत्र, बाजूला लांब दातेरी पातं. पहिली फेरी साप गेल्यासारखी झाली. दुसऱ्या फेरीत पात्यात गवताचा बोळा अडकला; तो तिने उतरून काठीने काढला. तिसऱ्या फेरीला उतारावर ट्रॅक्टर कलला आणि तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तरी ती चालवत राहिली, कारण थांबली असती तर पुन्हा बसायचा धीर झाला नसता.

तेवढ्यात कुचेरांच्या शेतातून धुळीचा लोट उठला. डेल्बर्टची गाडी वाळक्या मक्याच्या कडेने उडत आली, फाटकाशी थांबली, आणि डेल्बर्ट दोन्ही हात हलवत टेकडी चढायला लागला.

"बंद कर! आधी बंद कर ते!"

आर्डिथने ऐकू येत नसल्याचा आव आणला. तो सरळ ट्रॅक्टरसमोर येऊन उभा राहिला, तेव्हा तिला थांबावंच लागलं. तिने इंजिन बंद केलं. एकदम सगळीकडे शांत झालं. नाकतोडे तेवढे वाजत होते.

"उतारावर असं आडवं चालवतं का कुणी?" डेल्बर्टला धाप लागली होती. "उलटशील आणि मरशील. मग लोक म्हणतील, डेल्बर्टच्या गायींपायी मेली."

"मग तू चालव."

"मी चालवणार नाही."

"मग बाजूला हो."

तो हलला नाही. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं. "मार्सेलाने सही केली ना?"

"केली."

"वाटलंच मला. परवापासून गाणं गुणगुणतेय. घरात दुष्काळ आणि ही गातेय."

आर्डिथ ट्रॅक्टरवरून उतरली. ती चाकाला टेकून उभी राहिली. आणि इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"डेल्बर्ट, एका टेकडीसाठी चौदा वर्षं? तुझ्याकडे जमीन काय कमी होती?"

"टेकडीसाठी?" डेल्बर्टने तिच्याकडे पाहिलं. "तुला खरंच असं वाटतं?"

"मग कशासाठी?"

त्याचा आवाज खाली आला.

"लुमिरने मला सांगितलं नाही, आर्डिथ. त्या मार्चमध्ये मी इथे नांगर घेऊन आलो. बियाणं आणलेलं, खत आणलेलं. दोन तास काढले या टेकडीवर. मग ऑफिसातून एक टाय लावलेला माणूस गाडीतून उतरला आणि म्हणाला, मिस्टर कुचेरा, ही जमीन आता तुमच्याकडे नाही. खाली रस्त्यावर लोक गाड्या थांबवून बघत होते. मला नांगर उचलून त्यांच्यासमोरून घरी जावं लागलं. आणि लुमिर घरात होता. त्याची गाडी दारात होती. तो बाहेर आला नाही."

आर्डिथला तो दिवस आठवला. लुमिर सबंध सकाळ तळघरात काहीतरी शोधत होता. आणि त्याच्या महिनाभर आधी, जेवताना, ती म्हणाली होती, डेल्बर्टशी बोललास का? तो म्हणाला होता, बोललो. जरा रागावलाय, होईल शांत.

"त्याने मला सांगितलं, तुझ्याशी बोललोय म्हणून."

"नाही बोलला."

"मला माहीत नव्हतं, डेल्बर्ट. देवाशप्पथ."

"तुझ्यावर राग नाहीच माझा." तो गवताकडे बघत होता. "मला एवढंच कळत नाही, तो घाबरला कशाला? मी काय त्याला खाल्लं असतं? ओरडलो असतो. तासभर ओरडलो असतो. मग बिअर प्यायलो असतो."

"त्याला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. विमा विकायला माणूस यायचा तर हा मागच्या दाराने गोठ्यात."

"हो ना." डेल्बर्टच्या तोंडाची एक बाजू जराशी हलली. "ठाऊक आहे मला. शाळेत बाईंनी विचारलं, कुणी केलं, तर दोघांच्या वतीने मीच मार खायचो."

आर्डिथला लुमिरचा राग आला. मेलेल्या माणसावर येतो तसा, कुठे ठेवावा हे न कळणारा. तो खिडकीशी बसून टेकडी बघायचा तेव्हा हेही बघत असेल का? असेल. तिला कधी बोलला नाही. तिच्यापाशी तरी बोलता आलं असतं.

"तो असता तर मी त्याला कान धरून तुझ्या दारात आणला असता," ती म्हणाली.

"असता तर मीच आलो असतो बहुतेक. एकदा निघालोही होतो, आजारी आहे कळल्यावर. फाटकापर्यंत येऊन परत गेलो. म्हणजे मीही त्याच्यातलाच." डेल्बर्टने टोपी घातली आणि एकदम वाकून पात्यात अडकलेलं गवत ओढायला लागला, बोलणं संपलं अशा थाटात.

गवत मुळासकट उपटून आलं. त्याला ढेकूळ होतं. डेल्बर्टने ते हातात घेतलं, फोडलं आणि थांबला. मग गुडघ्यावर बसून त्याने खिशातला चाकू काढला, जमिनीत खुपसून एक तुकडा वर काढला आणि तळहातावर धरला. माती काळसर होती, रवाळ, बारीक मुळांनी विणलेली. बोटांनी दाबल्यावर ती क्षणभर तशीच राहिली.

"ही माती कुठून आणली?"

"आणली कुठून? इथलीच आहे."

"इथे माती नव्हती, आर्डिथ. नऊ वर्षं मी कसलीय ही टेकडी. इथे पिवळी चिकण होती." तो आणखी खणायला लागला. "आत गार आहे. माझ्या सपाटीच्या शेतात फावडं मारलं तर खणकन आवाज येतो, आणि ही आत गार आहे." त्याने हात भोकात तसाच ठेवला. "काही न करता हे झालं?"

"काही न करता? तीन वर्षं आम्ही दोघांनी तण उपटलंय इथलं. तू भाव विचारत होतास तेव्हा."

डेल्बर्ट मान खाली घालून म्हणाला, "विचारत होतो खरा."

मग तो उठला. गुडघे झटकले, पण हातातली माती झटकली नाही. शर्टाच्या खिशात टाकली. ट्रॅक्टरला एक फेरी घातली, पातं हलवून पाहिलं आणि थुंकला.

"हे भंगार आहे. माझं यंत्र आणतो."

"आणि उद्याचा ट्रेलर?"

"मार्सेलाला सांग फोन करायला. तिचीच गुरं आहेत म्हणे."

दुपारपर्यंत त्याचं मोठं यंत्र टेकडीवर होतं. उतारावर तो यंत्र वर-खाली कसं घेत होता ते बघत आर्डिथ आणि मार्सेला गाडीच्या सावलीत बसल्या. निशाणांपाशी आला की तो दर वेळी यंत्र थांबवून ओरडे, "ही सरकारी फडकी अजून थोडी पलीकडे असती तर काय बिघडलं असतं?" पण पात्याचा एक दातही त्याने पलीकडे जाऊ दिला नाही. शनिवारी गवत वाळलं, रविवारी चर्चनंतर गोळा झालं, आणि गठ्ठे बांधून झाले तेव्हा कुचेरांच्या गोठ्यामागे ते दोन रांगांत उभे राहिले. वास घरापर्यंत येत होता. गायी कुंपणाला चिकटून उभ्या.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. डेल्बर्टला म्हाताऱ्या गायी विकाव्याच लागल्या, आणि त्या गेल्या त्या दिवशी मार्सेला आर्डिथकडे येऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिली. ऑक्टोबरात आर्डिथला पैसे कमी आले, तिने छपराचं काम पुढे ढकललं आणि हिवाळाभर कोपऱ्यात बादली ठेवली. पण उरलेली गुरं जगली. गवत आणि वाळक्या मक्याचा कडबा मिळून वसंतापर्यंत पुरलं. फेब्रुवारीत डेल्बर्टने पांढऱ्या कागदात बांधलेलं मांस आणून तिचा फ्रीज इतका भरला की तिला आइस्क्रीमचा डबा बाहेर काढून संपवावा लागला. मार्चमध्ये वासरं व्हायला लागली. रोज सकाळी मार्सेला फोन करून सांगायची, आज गोऱ्हा, आज कालवड.

मे महिन्यात पाऊस आला. आर्डिथचा करार संपत आला होता. मक्याचा भाव अजून चढाच होता, आणि टेकडी मागायला तिच्याकडे लोक यायला लागले होते. एकाने तर आकडा असा सांगितला की तिने तो पुन्हा सांगायला लावला.

एका संध्याकाळी डेल्बर्ट टेकडीच्या कुंपणाची तार ओढत होता. आर्डिथ तिथवर चालत गेली.

"डेल्बर्ट, करार संपतोय. टेकडीचं काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. पण ठरवायच्या आधी तुला विचारतेय. समोर उभी राहून विचारतेय. तुला हवी आहे का?"

डेल्बर्टने पक्कड खाली ठेवली. त्याने वाकून एका खांबाशी माती दाबली, आणि तेवढ्या वेळात आर्डिथच्या मनात आलं की तो हो म्हणेल, आणि म्हणाला तर तिला देणं भाग आहे.

"दोन वर्षं मका चांगला येईल इथे," तो म्हणाला. "या मातीत तीन वर्षंही येईल."

"येईल."

"मग ती पुन्हा रस्त्यावर." त्याने तारेवर हात ठेवला. पलीकडे गेल्या वर्षी कापलेल्या भागात नवं गवत वितीवितीने वर आलं होतं, न कापलेल्या भागापेक्षा दाट. "नको. तू पुन्हा कराराची सही कर."

"पैसे कमी आहेत मक्यापेक्षा."

"मला कशाला सांगतेस? तुझी जमीन आहे. मी एवढंच म्हणतो, कधी नव्या फुटव्यासाठी ते गवत जाळायचं असलं तर मला बोलव. लुमिर एकटाच जाळायचा आणि दर वेळी माझ्या कुंपणाचे खांब काळे करायचा. तू जाळलंस तर अख्खी काउंटी पेटेल."

सोमवारी ती ऑफिसात निघाली तर डेल्बर्ट म्हणाला, मलाही गावात खिळे घ्यायचेत, चल माझ्या गाडीतून. खिळे त्याने घेतले नाहीत. ऑफिसात तो दाराशीच उभा राहिला. रेनेने कागद पुढे केले, आर्डिथने चष्मा लावून वाचले आणि आणखी दहा वर्षांसाठी सही केली. सत्तरीत दहा वर्षांची सही करताना तिला जरा गंमत वाटली, आणि तिने ती जरा मोठीच केली.

"झालं," रेने म्हणाली. "अजून काही?"

"माझं झालं," आर्डिथ उठली.

डेल्बर्ट दाराशी खाकरला. "एक विचारू? नुसतं विचारतोय हं, करतोय असं नाही."

"विचारा ना, मिस्टर कुचेरा."

"माझ्या ओढ्याकाठी एक पट्टा आहे. दर वर्षी थोडा थोडा पाण्यात जातो. तिथे हे असलं गवत पेरलं तर धरेल का?"

रेनेने आर्डिथकडे पाहिलं. आर्डिथने पर्सची चेन लावायला सुरुवात केली, ती लागतच नव्हती. रेनेने टेबलापुढची खुर्ची सरकवली. "बसा की. सांगते सगळं."

"बसत नाही," डेल्बर्ट म्हणाला. "घाईत आहे."

पण त्याने टोपी काढली, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ऐकायला लागला.